अंबुजाक्कांचे ढेकर

अंबुजाक्का ढेकरांतून बोलत असत. तुमचा-आमचा ढेकर जेवणानंतर येतो आणि माणूस ओशाळून 'माफ करा' म्हणतो. अक्कांचा ढेकर ते 'माफ करा'सुद्धा स्वतःच म्हणून मोकळा होई.

मी तो पहिल्यांदा ऐकला नोकरीवर रुजू होण्याच्या दिवशी. मी कऱ्हाडची. म्हैसूरला वाचा-उपचाराचं शिक्षण संपवलं आणि पहिली नोकरी लागली ती थेट कुंभकोणमला, विद्यापीठाच्या उपचार केंद्रात. दाराबाहेरच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. विहिरीत पडलेल्या बैलानं मदत मागावी तसा आतून आवाज आला, "आत या. बसा." तोही मराठीत. मी आत गेले. खोलीत बैल नव्हता. पुरुषही नव्हता. खळ घातलेली सुती साडी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, अशा पाच फुटांच्या आतल्या एक बाई टेबलामागे बसल्या होत्या.

"ऐकूं आलें?" त्यांनी आता साध्या, गोड आवाजात विचारलं.

"हो."

"शब्द कळले?"

"कळले."

"सरि," त्या म्हणाल्या. "सकाळपासून 'बसा'मधला 'सा' निसटत होता. तुझी चाहूल लागतां जमला."

'सरि' म्हणजे तमिळमध्ये 'ठीक'. अक्कांचं मराठी असं होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले ते परत गेलेच नाहीत. येताना जी मराठी बरोबर आणली तीच घरात वापरत राहिले. तिकडे महाराष्ट्रात मागाहून काय काय बदललं याची त्यांना कुणी वर्दी दिली नाही. त्यात तीनशे वर्षांचं तमिळ मुरलेलं. ख, घ, भ या अक्षरांशी अक्कांचं विशेष सख्य नव्हतं. त्यांच्या तोंडी 'भात'चा 'बात' व्हायचा. उच्चार सुधारणं हा आपला धंदा, म्हणून मी एकदा भीतभीत ते दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, "तेवढा वारा वायां कशास घालवावा? बात म्हटलें तरी पानांत भातच पडतो."

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. एका रुग्णाचा अहवाल मी लिहीत होते. अक्कांनी विचारलं, "लिहून जाहलें काय?" आणि मी हसले. त्या 'जाहलें'ला हसले. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी तमिळ आणि इंग्रजी सुरू. पंधरा दिवस मराठीचा एक शब्द नाही. सोळाव्या दिवशी डबा उघडताना मीच धीर करून विचारलं, "अक्का, जेवण जाहलें काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाकांतून म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तरी चालेल. बैस."

आता हे ढेकरांचं प्रकरण काय ते सांगायला हवं. कर्करोगात काही जणांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं. मग माणूस गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. जीभ, ओठ, दात सगळं शाबूत असतं. आवाज तेवढा नसतो. यंत्रं आहेत, झडपा आहेत, पण त्या सगळ्यांना मानवत नाहीत. एक जुना मार्ग मात्र बिनयंत्राचा आहे. हवा अन्ननलिकेत घ्यायची, ती वर येताना जी थरथर होते तिलाच आवाज मानायचा आणि त्याचे शब्द करायचे. सरळ सांगायचं तर ढेकर पकडून त्याला बोलायला लावायचं. आम्ही बहुतेक जण हे चित्र दाखवून शिकवतो. अक्कांना ते पटत नसे. "जें मज येत नाहीं तें दुसऱ्यास कोणत्या तोंडानें शिकवूं?" असं म्हणून त्यांनी एक अख्खा उन्हाळा ढेकर शिकण्यात घालवला होता.

त्यासाठी लागे पन्नीर सोडा. गुलाबपाण्याचा वास असलेला हा सोडा तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. केंद्रातल्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या दोन फळ्या त्याच्या बाटल्यांच्या होत्या. एकदा विद्यापीठाच्या भांडार विभागाचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "उपचार केंद्रात शीतपेयं कशासाठी?" अक्कांनी एक बाटली फोडली, चार घोट घेतले, साहेबांच्या डोळ्यांत पाहत क्षणभर थांबल्या आणि खोल पोटातून म्हणाल्या, "उपचारासाठी." ते साहेब त्यानंतर आमच्या मजल्यावर आले नाहीत.

लग्नकार्यात अक्कांना न्यायची सोय नव्हती. पंगत उठू लागली की यांचे कान टवकारत. एका लग्नात कुणा वयस्क गृहस्थांनी केळीचं पान दुमडून समाधानाचा ढेकर दिला, तर अक्का पायसमची वाटी ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या. "पुन्हा द्याल का? मान थोडी खाली घेऊन." ते गृहस्थ नवऱ्या मुलाचे आजोबा निघाले. अक्कांचं म्हणणं, एवढा सुरेख लांब ढेकर आणि त्यात एकही शब्द नाही, याला काय म्हणावं.

"वारा आंत, शब्द बाहेर" हे त्यांचं ब्रीद. रुग्णांना तमिळमध्ये सांगत, मला मराठीत, आणि कॉफी हॉटेलातल्या वेटरला नुसतं खुणेनं.

माझ्या तिथल्या पहिल्या पावसाळ्यात तंगवेलु स्थपती आले. स्वामीमलैला त्यांची मूर्ती ओतायची शाळा, म्हणजे कारखाना, होता. पन्नाशी उलटलेला धिप्पाड माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्याशी सुती रुमाल बांधलेला. त्या रुमालाखाली भोक. बरोबर बायको, सेल्वी. बोलायचं ते सगळं ती बोलली.

मूर्ती ओतायच्या वेळी साचा जमिनीत पुरलेला असतो, नुसती दोन तोंडं वर. दोघं जण चिमट्यात मूस धरून एका तोंडातून वितळलेला धातू ओततात. त्यांचं लक्ष धारेवर. धार तुटली तर मूर्ती गेली. दुसऱ्या तोंडाशी स्थपती उभा असतो. तिथं धातू वर आलेला दिसला की त्यानं हाक द्यायची, 'निरुत्तु', थांबवा. धूर एवढा की हातवारे दिसत नाहीत. हाकेवरच सगळं. तंगवेलुंच्या वडिलांनी ती हाक दिली, मग यांनी तीस वर्षं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या ओतणीला त्यांनी थाळी वाजवून पाहिली. ओतणाऱ्याला वाटलं कुणाची थाळी पडली. धातू उतू गेला आणि एकाचा पाय भाजला. थोडक्यावर निभावलं. पण त्यानंतर भाच्यानं, मुरुगननं, हलक्या आवाजात सांगितलं, "मामा, आता तुम्ही मेणाचं काम बघा. ओतणी मी बघतो." मुरुगन वाईट माणूस नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं असावं.

"तेव्हापासून हे जेवत नाहीत," सेल्वी म्हणाली. स्थपतींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

अक्कांनी ढेकराची रीत समजावून सांगितली. स्थपतींचा चेहरा हळूहळू दगडाचा झाला. त्यांनी मोबाइलवर टाइप करून पडदा आमच्यापुढे धरला. 'मी देव घडवतो. त्यांच्यासमोर हा आवाज काढणार नाही.'

"देवासमोर घंटा वाजते, कुत्रं भुंकतं, भोंगा किंचाळतो," अक्का म्हणाल्या. "त्याला चालतं. तुमचाच घसा तेवढा त्याला खुपेल का?"

तीन आठवडे स्थपती येत राहिले, बसत राहिले, आणि ओठ घट्ट मिटून परत जात राहिले. परस्त्रीसमोर, बायकोसमोर, शिकाऊ मुलींसमोर ढेकर द्यायचा म्हणजे काय. चौथ्या आठवड्यात अक्का गजरा माळून, नवी कांजीवरम नेसून आल्या. मला वाटलं कुठे तरी मुंज आहे. स्थपती बसले तशा त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, सोड्याची बाटली संपवली, पदर सावरला आणि असा काही ढेकर दिला की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. त्या ढेकरात स्थपतींचं, त्यांच्या वडिलांचं आणि गावाचं नाव होतं.

"मी बाईमाणूस," अक्का शांतपणे म्हणाल्या. "माझ्या सात पिढ्यांत कुणी मोठ्यानं शिंकलंही नसेल. मी लाज सोडली. तुम्ही अजून किती दिवस धरून बसणार?"

आधी सेल्वी हसली. तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला बघून स्थपतींना हसू फुटलं. बिनआवाजाचं हसू, नुसते खांदे गदगदत होते. आणि त्या हसण्यात कुठून तरी हवा आत गेली आणि बाहेर आली. छोटासा, ओबडधोबड ढेकर.

ते दचकले. सेल्वी थांबली. ऑपरेशननंतर त्या गळ्यातून आलेला तो पहिला आवाज होता.

"पुन्हा," अक्का म्हणाल्या.

पुढचे दोन महिने पा, टा, का. पा, टा, का. ही अक्षरं उच्चारताना तोंडातली हवा आपोआप खाली ढकलली जाते, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. स्थपती पहाटे उठून घरी सराव करत. सेल्वी सांगायची की शेजारचं वासरू उत्तर देतं. पण 'निरुत्तु' काही जमेना. अक्का रात्रंदिवस त्या शब्दाशी भांडत होत्या. एकदा टाऊन बसमध्ये, दारासुरम् ओलांडत असताना, त्यांनी माझा दंड धरला. "पोरी, 'न'च लबाड आहे. नाकांतून पळतो. खालीं वारा जाईल कोठून? ओठ मिटणारा शब्द पाहिजे." मग स्वतःशीच तोंड हलवत राहिल्या आणि स्टॉप यायच्या आधी म्हणाल्या, "पोदुम्."

पोदुम् म्हणजे पुरे. जेवताना पानावर हात आडवा धरून तमिळ माणूस दिवसातून दहादा म्हणतो तो शब्द.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वामीमलैला. अक्कांनी शाळेतल्या सगळ्यांना मेणाच्या टोपल्यांभोवती उभं केलं आणि जाहीर केलं की आजपासून इथं थांबण्याची हाक 'पोदुम्' ही राहील. मुरुगननं हात जोडले. "मॅडम, आमच्या आजोबांपासून 'निरुत्तु' आहे. ओतणीच्या घाईत कान तोच शब्द शोधतो."

"धातूला कुठला शब्द कळतो?"

"धातूला नाही, मला. माझ्या हातात मूस असते. ऐकू नाही आलं तर पाय भाजायचा तो माझा."

हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याशी अक्का भांडत नसत. "सरि," त्या म्हणाल्या. "मग तुझे कानही शिकवू. मामाबरोबर तूही ये."

आमच्या केंद्रामागच्या अंगणात मग पाण्याची ओतणी सुरू झाली. मातीत मडकं पुरलेलं. मुरुगन बादलीतून बारीक धार धरायचा, पाठमोरा. स्थपती मडक्याशी. पाणी काठाला आलं की 'पोदुम्'. पहिल्या दिवशी ते 'पोदुम्' इतकं उशिरा आलं की आमच्या सगळ्यांच्या चपला भिजल्या. घाई झाली की त्यांचा घसा आवळायचा आणि हवा वाटेतच अडकायची. अक्का पायांतल्या पाण्यात उभ्या राहून सांगत, "आधी घ्या. हवा भरून ठेवा, मग वाट बघा. शब्द दारात उभा हवा." विभागप्रमुख एकदा तिथून जाताना घसरता घसरता वाचले. त्यांनी विचारलं, हा कुठला उपचार. अक्का म्हणाल्या, "पाण्याचा." महिनाभरात मुरुगन बादली सरळ करायचा तो बरोबर शेवटचा थेंब काठाला टेकता टेकता. आता तो मामाच्या आवाजाकडे कान लावून नसायचा. तो आवाज आपणहून त्याच्या हातांत जायचा.

खऱ्या ओतणीचा मुहूर्त सकाळी दहाचा होता. एका खेड्यातल्या देवळासाठी अम्मनची, म्हणजे देवीची, मूर्ती. आम्ही गेलो तेव्हा भट्टी धगधगत होती. सेल्वीनं आम्हाला भिंतीशी स्टुलं दिली. अक्का बसल्या नाहीत.

भट्टीचा पंखा बंद केला. एकाएकी एवढी शांतता झाली की निखाऱ्यांची तडतड ऐकू यायला लागली. मुरुगन आणि दुसऱ्या एकानं मूस उचलली. धार सुरू झाली, पिवळीजर्द, दोऱ्यासारखी. धूर चढला आणि स्थपती आम्हाला दिसेनासे झाले. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी हनुवटी खाली घेतली होती, ओठ मिटले होते, गळा हलत होता. त्या त्यांच्याबरोबर हवा गिळत होत्या. एकदा. दोनदा. धार चालूच होती. मला वाटलं, झालं, अडकला घसा.

"पोदुम्."

जमिनीतून यावा तसा जाड, खरखरीत, पण अख्खा शब्द. मुरुगनचे हात त्याच क्षणी वर झाले. एक थेंब बाहेर नाही.

कुणीच हललं नाही. आणि त्या पवित्र शांततेत भिंतीशेजारून दुसरा ढेकर आला, चांगला लांबलचक. अक्कांनी जी हवा भरून ठेवली होती ती कुठे तरी जायला हवीच होती. सगळे वळून पाहू लागले. अक्कांनी चष्मा पुसला. धुरातून स्थपती बाहेर आले, घामाने निथळत, आणि देवासमोर हा आवाज काढणार नाही म्हणणाऱ्या त्या माणसानं देव्हाऱ्याकडे तोंड करून, हात जोडून, पुन्हा एकदा स्वच्छ म्हटलं, "पोदुम्." मुरुगननं मूस खाली ठेवली आणि मामाच्या पायांवर डोकं टेकवलं.

साचा फोडायला निवायची वाट पाहावी लागते. तो फोडला त्या दिवशी शनिवार होता. दुपारी आम्ही केंद्र बंद करत होतो आणि फोन वाजला. अक्कांनी स्पीकरवर टाकला. पलीकडे थोडी खरखर, मग एक दम, आणि, "क्का." 'अक्का'मधला 'अ' अजून यायचा होता. मग सेल्वी फोनवर आली. मूर्ती बोटाच्या नखापर्यंत पूर्ण उतरली होती, असं तिनं सांगितलं, आणि रविवारच्या ओतणीला हाक कोण देणार हे शाळेत आता कुणी विचारत नाही, असंही.

अक्कांनी फोन ठेवला. गजरा नीट केला. चेहऱ्यावर जिंकलेल्या सेनापतीचं तेज होतं.

"आज घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा हं," मी म्हणाले.

त्या कुलूप लावत होत्या. "कोणास?" त्यांनी विचारलं. बस किती वाजता आहे असं विचारावं, तसं.

जिना उतरता उतरता त्या सांगू लागल्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ चेन्नईत, त्याच्या मुलांना मराठी येत नाही. "पेशंटांशीं तमिळ बोलतें. मुलींशीं इंग्रजी. मराठी ही घरांत बोलावयाची भाषा, आणि घरांत कोणी नाहीं. शनिवारीं कुलूप लाविलें कीं सोमवारपर्यंत माझा आवाज मजच ऐकूं येत नाहीं. तांदूळ निवडतां निवडतां कधीं मोठ्यानें बोलून पाहतें. मग पुरें करतें."

मी त्यांच्यापासून दोन रस्त्यांवर राहत होते. दर रविवारी खोलीत कपडे धुऊन, मोबाइल बघत दिवस काढत होते.

"उद्या रविवार," मी म्हणाले. "येऊ का?"

"ये. आदितवारीं मी घरींच असतें."

सकाळी नऊला गेले. संध्याकाळी दिवा लागला तरी तिथंच होते. अक्का बोलत होत्या. आईच्या हातचं 'आंबट' नावाचं कालवण, आजोबांच्या शिव्या, भावानं लहानपणी कावेरीत सोडलेल्या चपला, 'मस्त' हा शब्द कसा शब्दच नव्हे, त्यांना सांगून आलेली तीन स्थळं आणि ती तिन्ही का नाकारली. कॉफी चार वेळा झाली. मी दिवसभरात पन्नास वाक्यं बोलले असेन तर खूप. निघताना दारात उभ्यानं आणखी पाऊण तास झाला.

सोमवारी अक्का केंद्रात आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळून. तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. पुरता घसा बसला होता. शिकाऊ मुली घाबरल्या. एकीनं बॅटरी लावून आत डोकावून पाहिलं, एकीनं कोमट पाणी आणलं. एवढं कशानं झालं, म्हणून सगळ्या विचारायला लागल्या. अक्कांनी हातानं त्यांना बाजूला सारलं, चिठ्ठीवर काही लिहिलं आणि घडी घालून माझ्याकडे सरकवली. देवनागरीत होती, म्हणजे त्या खोलीत मलाच वाचता यावी अशी.

'दोन दिवस मौन. पेशंट तूं पाहा. आदितवारीं लौकर ये.'